ताजी खार मिळेल

एका वेलांटीपायी कुणाच्या जिवावर बेतल्याचं ऐकलंय कधी? जंगलात नुकतेच मोबाइल आले होते, तेव्हाची ही गोष्ट.

खारूताई लिंबाच्या लोणच्याचा झणझणीत खार विकायची, पण तिच्या उंच ढोलीपर्यंत गिऱ्हाईक काही फिरकेना. शेजारचा पोपटराव म्हणाला, “ताई, फोटो टाका, ग्रुपवर जाहिरात द्या!”

“तुम्हीच द्या बाई. माझे हात तिखटाचे आहेत.”

पोपटरावाने बरणीला टेकून उभ्या असलेल्या खारूताईचा फोटो सगळ्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘ताजी खार मिळेल. एकदा खाल, तर बोटं चाटाल!’

दुपारीच रानमांजर ढोलीत डोकावली. “ताजी खार इथंच मिळते ना? फोटोतलीच दे हो, शेपटीसकट.”

खारूताईला घाम फुटला. ‘मेल्या पोपटा, लोणच्याचा तो खार, मी ती खार!’ ती मनातल्या मनात चरफडली. मग बरणी पुढे सरकवून गोड हसली. “मांजरमावशी, नुसतीच खार काय खाता? आधी जिभेला जरा चव तर आणा.”

मावशीने अख्खी जीभ बरणीत बुडवली. पुढच्याच क्षणी ती शेपूट फुगवून, किंचाळत ओढ्याकडे पळत सुटली. पोपटरावाने त्याचाही व्हिडिओ काढला आणि ‘बघा, किती झणझणीत!’ असं लिहून ग्रुपवर टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडाखाली वाट्या घेऊन ही भली मोठी रांग लागली होती, आणि वर फांदीवर पोपटराव ‘ताजा खार’ असं शंभर वेळा लिहीत बसला होता.