शेवटच्या रांजणाचा कोन

"माय, हा खरखर आवाज कसला?"

ऋजुता दचकलीच होती. पाणपोईतल्या शेवटच्या रांजणात तिनं ओगराळं घातलं, तर ते तळाला घासलं.

"तळाचा," सारजामाय म्हणाल्या.

डोंगरावरच्या त्या मठाच्या सारजामाय प्रमुख. ऋजुता त्यांची शिष्या, पदार्थविज्ञान शिकून आलेली. मठात वीज नव्हती. छपरावर सोलरची पॅनेलं तिनं एकटीनं बसवली होती. विहिरीवरचा पंप त्यांच्यावरच चाले, टाकी भरे आणि टाकीतून पाणपोईचे रांजण.

"पण टाकी तर भरते ना रोज?"

"काल नाही भरली. सांजच्याला मेंढरं घेऊन एक बाई आली. काखेत लेकरू. तशीच गेली."

मठाचा नेम ऋजुताला ठाऊक होता. वाटसरू तहानलेला गेला, की रांजण पुन्हा काठोकाठ भरेपर्यंत माय पाण्याला शिवत नसत.

वैशाख होता. मायच्या ओठांना भेगा पडल्या होत्या.

"पॅनेलांचा माझा कोन चुकलेला नाही, माय."

"चुकला म्हणलं का मी?"

"वर्षभराचा हिशोब करून धरलाय. थंडीत सूर्य खाली, उन्हाळ्यात डोक्यावर. दोन्हींच्या मधला कोन. एकाच कोनात वर्षाची बेरीज याहून जास्त येऊच शकत नाही. आमच्या कॉलेजच्या सरांनी फोटो मागवलेत."

"मागवू देत की. मी बी येईल त्याला वर बोट करून दाखवते. आमच्या पोरीनं केलं, म्हणते."

ऋजुताची मान थोडी ताठ झाली.

"उन्हाळ्यात थोडं कमी पडतं, इतकंच. ते थंडीत भरून निघतं."

"थोडं म्हंजे?"

"अगदी थोडं. एखादा रांजण."

"कुणाचा?"

मायनी दोन्ही हातांनी रांजण कलता केला. तळाचं पाणी एका कडेला जमलं. त्यांनी ओगराळं भरून तिच्यापुढं धरलं.

"घे. पी."

"तुम्ही कालपासून... मी कशी पिऊ?"

"का? बेरीज तर बरोबर हाय."

ऋजुतानं ओगराळं हातात घेतलं. तोंडाला लावलं नाही. पाणी न सांडता तिनं ते परत रांजणात सोडलं, पाना उचलला आणि शिडी चढली.

छप्पर तापलं होतं. पंपाची धार टाकीत बारीक पडत होती. चौकटीचे मागचे पाय खाली सरकवले की पॅनेलं आडवी होतील, सूर्याला समोरून भिडतील. एवढंच काम.

तिनं बोल्ट सैल केले.

बसवताना पॅनेलं एकेक करून चढवली होती. आता सगळ्यांचा भार एकदम खांद्यावर आला. पाना हातातून निसटला, घरंगळत गेला. ती दचकली, पण सोडून चालणार नव्हतं. सोडलं असतं तर काचा फुटल्या असत्या, आणि मग एकही रांजण भरला नसता.

"कुणी आहे का?" ती हळूच म्हणाली.

खाली भर दुपारची सामसूम.

आपण हे एकटीनं बसवलंय, असं ती अख्ख्या तालुक्याला सांगत आली होती. तिनं ओठ चावला. चौकट बोटभर आणखी खाली आली.

"कुणी या ना वर..."

कुणी नाही.

"माय!"

शिडी करकरली. चौकटीच्या दुसऱ्या टोकाला दोन सुरकुतलेले हात लागले. खांद्यावरचा भार हलका झाला.

"थांबा, माय," ऋजुता धापा टाकत म्हणाली. "किती अंशांवर ठेवायचं, ते मी सांगते."

"अंश तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे. मी धरलंय. तू धारेकडं बघ."