भानुदासने गाडी खाली बसवली

ढोकेवाडी नावाच्या गावात भानुदास नावाचा एक भोळा गडी राहत होता. भोळा म्हणजे किती, हे मला विचारू नका. त्याच्या आईलाही अजून पत्ता लागलेला नाही. सांगितलेलं मात्र तो शंभर टक्के ऐकायचा. सगळी पंचाईत तिथंच व्हायची.

भानुदासकडे एक जुनी छोटी चारचाकी होती. वीस वर्षांची. रंग मूळचा लाल, पण आता नक्की कुठला ते सांगणं अवघड. चालायची मात्र झक्क.

त्याची बायको सुरेखा माहेरी गेली होती. माहेरी तिच्या भावाने नवीन उद्योग केला होता. आपली गाडी खाली बसवून घेतली होती, म्हणजे स्प्रिंगा बदलून बुटकी केली होती. गाडी अशी रस्त्याला टेकून चालायची की सगळा गाव बघत उभा राहायचा. बुधवारी सुरेखाचा फोन आला.

"अहो, रविवारी न्यायला या. पण आपली गाडी जरा खाली बसवून आणा. दादाच्या गाडीशेजारी ती उंटासारखी दिसते."

"आणि नाही बसली तर?"

"तर मी येत नाही. दिवाळी इथंच करते," सुरेखा म्हणाली आणि हसली.

हसणं फोनमधून ऐकू आलं, पण भानुदासने ते धरलं नाही. शब्द तेवढे धरले. सुरेखाशिवाय दिवाळी! तिच्याशिवाय त्याला घरात करमत नव्हतं, जेवण गोड लागत नव्हतं, आणि टॉवेल कुठे आहे तेही सापडत नव्हतं.

गाडी खाली बसवायची. त्यात काय एवढं? भानुदासने गुरुवारी सकाळी मागच्या सीटवर दगडांच्या आठ गोण्या भरल्या. गाडी बसली की हो! मागून अशी बसली की पुढचे दिवे झाडाच्या शेंड्याकडे बघायला लागले. रस्ताभर ठिणग्या उडवत तो तालुक्याच्या गावी मुनीरभाईंच्या गॅरेजवर पोचला, दाखवायला.

मुनीरभाईंनी दार उघडून आत बघितलं. मग भानुदासकडे बघितलं. मग परत आत बघितलं.

"हे काय आहे?"

"खाली बसवली."

"अरे बाबा, अशी नसते बसवायची! ओझं टाकून काय कळणार? आधी आतलं सगळं काढायचं. रिकामं करायचं. मग माप घ्यायचं. रिकामं केल्याशिवाय माप घ्यायचंच नाही. जा, रिकामी करून उद्या आण."

"आधी रिकामं करायचं, मग मोजायचं," भानुदास म्हणाला.

"शाब्बास," मुनीरभाई म्हणाले. बिचाऱ्यांना काय माहीत!

शुक्रवारी सकाळी आईने दुधाची किटली हातात दिली. "डेअरीवर घालून ये रे. नीट मोजून घाल, तो सेक्रेटरी कमी मोजतो."

भानुदास डेअरीवर गेला. सेक्रेटरी माप घेऊन पुढे आला. भानुदास म्हणाला, "थांबा, आधी रिकामी करू दे." आणि त्याने सगळं दूध गटारात ओतलं. मग किटली पुढे केली. "आता मोजा."

सेक्रेटरीने आत डोकावून बघितलं. "काहीच नाही रे यात."

"बघा! आई म्हणालीच होती, तुम्ही कमी मोजता."

घरी आल्यावर आईने कपाळावर हात मारला. "अरे मेल्या, दूध होतं ते! भरलेलं असतं ते भरलेलंच मोजायचं. थेंबभरसुद्धा बाहेर काढायचं नाही. उलट वर भर घालायची, कळलं?"

"कळलं. भरलेलं मोजायचं. वर भर घालायची."

दुपारी गाडी घेऊन मुनीरभाईंकडे जायचं होतं. गोण्या तर काढल्या होत्या. पण आई म्हणाली होती, भरलेलं मोजायचं. मग भानुदासने भजनी मंडळ गाडीत भरलं. सहा माणसं, एक पखवाज आणि पेटी. वर भर म्हणून शेजारच्या हिराकाकूंची शेळी.

गॅरेजवर दार उघडलं तशी सगळ्यात आधी शेळी उतरली.

"मुनीरभाई, मोजा," भानुदास म्हणाला.

मुनीरभाई खाली वाकले. चाक आणि वरचा पत्रा यांच्यात बोट घालून बघितलं. बोट जाईना. "यात मोजू काय? अंतरच नाही! ह्या मंडळींना घेऊन फिरणार असशील तर तुझी गाडी बसलेलीच आहे. मी काही करायला नको."

मंडळी चहाला गेली. मुनीरभाई भला माणूस. त्यांनी भानुदासला स्टुलावर बसवलं आणि सगळं समजावून सांगितलं.

"हे बघ. गाडी खाली घ्यायचे तीन मार्ग. एक, आहे ती स्प्रिंग कापायची. ते करू नकोस. कापलेली स्प्रिंग खड्ड्यात जागा सोडते आणि तुझी कंबरही मोडते. दुसरा, उंची हवी तशी वरखाली करता येणारा अख्खा सेट. ते शर्यतीवाल्यांचं काम. तुला काय शर्यत लावायचीय?"

"नाही. बायकोला आणायचंय."

"मग तिसरा. आखूड स्प्रिंगा आणि त्यांना जुळणारे, धक्के झेलणारे नवे शॉकअप. आणि दोनच बोटं खाली. चार नाही. तुमच्या गावचा रस्ता मला ठाऊक आहे."

"पण चांगला शॉकअप ओळखायचा कसा?"

"सोपं आहे. वरून दोन्ही हातांनी जोरात दाबायचं आणि सोडायचं. एकदा वर येऊन गप्प बसला, तर चांगला. उड्या मारत राहिला, तर बाद. जे निवडशील ते दाबून बघ."

"दाबून बघायचं," भानुदास म्हणाला. "उड्या मारल्या की बाद."

शनिवारी चावडीसमोर सभा होती. सोसायटीची निवडणूक आली होती आणि चेअरमन निकमअण्णा परत उभे होते. अण्णा खुर्चीत बसले होते. वजनदार माणूस. माईकवर कुणीतरी म्हणत होतं, "मंडळी, पुन्हा अण्णांनाच निवडून द्या!"

निवडायचंय म्हटल्यावर भानुदास उठला. शांतपणे अण्णांच्या मागे गेला. दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर ठेवले आणि जोरात दाबलं. मग सोडलं.

अण्णा किंचाळून उठले. एकदा उडाले. वळून बघितलं तर भानुदास, म्हणून परत उडाले. धोतराचा सोगा खुर्चीत अडकला, म्हणून तिसऱ्यांदा उडाले.

भानुदासने माईक घेतला. "तीन उड्या. अण्णा बाद आहेत."

सभा हसून हसून लोळली. विरोधी पार्टीने टाळ्या वाजवल्या. अण्णा तिथून तडक भानुदासच्या आईपुढे जाऊन उभे राहिले. त्यांनी काय काय ऐकवलं ते लहान पोरं ऐकतायत म्हणून मी सांगत नाही.

"भान्या," आई रात्रीच्या भाकरी थापता थापता म्हणाली, "असं कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही रे. आधी हात जोडायचे. तोंडाने विचारायचं. हो म्हटलं तरच पुढं."

"हात जोडायचे. तोंडाने विचारायचं."

रविवारी मुनीरभाईंनी सकाळीच काम धरलं. दुपारपर्यंत आखूड स्प्रिंगा बसल्या, शॉकअप बसले. गाडी दोन बोटं खाली आली. काय दिसत होती! वीस वर्षांत पहिल्यांदाच ती कुणाला तरी गाडी वाटली. भानुदासच्या डोळ्यांत पाणी आलं.

"घे, बॉनेट दाबून बघ," मुनीरभाई म्हणाले.

भानुदास गाडीसमोर गेला. हात जोडले. "दाबू का?"

गाडी गप्प.

"दाबू का हो?"

मुनीरभाई म्हणाले, "कुणाशी बोलतोयस?"

"ती नाही म्हणत नाहीये. पण हो पण म्हणत नाहीये."

मुनीरभाईंनी स्वतःच बॉनेट दाबलं. गाडी एकदा वर आली आणि गप्प बसली. मग त्यांनी भानुदासचे दोन्ही खांदे धरले आणि अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं.

"आता एकच गोष्ट लक्षात ठेव. बाकी सगळं विसर. गाडी बुटकी झालीय. स्पीडब्रेकर आला की पोटाला घासेल. म्हणून ब्रेकरच्या अलीकडे थांबायचं. गाडीतलं माणूस खाली उतरवायचं. हलकी गाडी सावकाश पलीकडे न्यायची. काय?"

"माणूस उतरवायचं. हलकी गाडी पलीकडे न्यायची."

"पाठ झालं?"

"पाठ झालं."

गॅरेजवरून भानुदास थेट सासरवाडीला गेला. सुरेखा दारातच उभी होती. गाडी बघून तिने तोंडावर पदर घेतला. "अय्या, खरंच बसवलीत? मी आपली गंमत केली होती!" पण खूश झाली होती, लपत नव्हतं. मेहुण्याने गाडीला दोन फेऱ्या मारल्या आणि "एक नंबर, दाजी" म्हणाला. भानुदासची छाती फुगली. चहा झाला, बॅग ठेवली, निघाले.

सुरेखा वाटभर बोलत होती. फराळ काय करायचा, आकाशकंदील कुठला घ्यायचा. भानुदासला वाटलं, झालं, दिवाळी आपल्या घरी आली.

ढोकेवाडीच्या अलीकडे ओढा लागतो. ओढ्यावरून चढ चढला की शाळा, आणि शाळेसमोर स्पीडब्रेकर. वाटेतला एकच. भानुदासने गाडी अलीकडे थांबवली.

"उतर."

सुरेखा बॅग घेऊन उतरली. भानुदासने श्वास रोखून गाडी ब्रेकरवर घातली. पुढची चाकं चढली, उतरली. मागची चाकं चढली, उतरली. कुठे खट्ट नाही! आनंदाच्या भरात तो तसाच घरी आला. मागून सुरेखा हाका मारत होती. मग फोन वाजत राहिला. पण गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हेही कुणीतरी त्याला सांगितलेलं होतं.

आई आरतीचं ताट घेऊन दारात उभी. "सूनबाई कुठाय?"

"शाळेपाशी. ब्रेकरला उतरवली."

"मग परत बसवली का नाहीस?"

"मुनीरभाई तेवढंच म्हणाले होते."

आईच्या हातातलं ताट कलंडलं. "अरे देवा! जा आधी! ती रागावून परत माहेरी जायच्या आत जा!"

भानुदास परत गाडीत बसला. खरंच गेली तर? त्याने गाडी सुसाट सोडली. शाळा दिसली. ब्रेकर दिसला. पलीकडे उताराच्या तोंडाशी बॅगेवर बसलेली सुरेखा दिसली. होती! गेली नव्हती! त्याचा जीव भांड्यात पडला.

तरीही तो नियम चुकला नाही. ब्रेकरच्या अलीकडे गाडी हळू केली. गाडीत माणूस कोण? आपणच. त्याने दार उघडलं आणि खाली उतरला.

हलकी गाडी आपली आपली सावकाश पुढे गेली. पुढची चाकं चढली, उतरली. मागची चाकं चढली, उतरली. मग सुरेखाच्या अगदी जवळून, उताराला लागून, वेग घेत ती खाली गेली आणि धप्पकन ओढ्यात पडली. वर फक्त टप दिसत राहिला.

भानुदास चालत चालत सुरेखासमोर आला. हात जोडले.

"न्यायला आलोय. येतेस का?"

सुरेखाने ओढ्याकडे बघितलं. मग नवऱ्याकडे बघितलं.

"अहो," ती म्हणाली, "कशातून?"

"ते बघू गं," भानुदास म्हणाला. "आधी सांग, तू जवळ होतीस. ब्रेकरला घासली का?"