ओळखल्याची बिदागी

सुरंगगडच्या दिवाणांचा भरदुपारी, त्यांच्याच बागेत खून झाला आणि संशय गोंदाजी बहुरूप्यावर आला. कारण सोपं होतं. पळताना कोणीही दिसला, तरी तो गोंदाजी असू शकत होता!

दरबारात साक्षी सुरू झाल्या. गोंदाजीची लेक चिमा खांबाआड उभी होती. बापाच्या हातातल्या बेड्यांकडे तिला बघवत नव्हतं.

"दुपारची तोफ झाली, तेव्हा एक गोसावी नदीकडे पळत होता," खजिनदार म्हणाले. "बघताक्षणी ओळखलं. गोंदाजी!"

"तोफ झाली, तेव्हा एक पोटुशी बाई देवळाच्या पायऱ्या चढत होती," पागेचे दारोगा म्हणाले. "मीही ओळखलं. गोंदाजीच!"

नदी पूर्वेला, देऊळ पश्चिमेला. मग कोतवाल उठले.

"तोफ झाली, तेव्हा वेशीतून कोणीच बाहेर गेलं नाही. मला कोणी म्हणजे कोणी दिसलं नाही. इतकं बेमालूम सोंग गोंदाजीशिवाय कोणाला जमणार?"

महाराज खूश झाले. "तिन्ही साक्षी कशा जुळल्या बघा!"

गोंदाजी सांगत होता, की तो त्या वेळी पारावर बसला होता. पण तेव्हा त्यानं कसलंच सोंग घेतलं नव्हतं, त्यामुळे त्याला कोणी ओळखलं नव्हतं.

चिमा पुढे झाली. "सरकार, एक मानूस एकाच येळी तीन ठिकानी कसा आसंल?"

"ते तू सांग! दिवस मावळायच्या आत बाप निर्दोष आहे हे दाखव. आणि माझ्या एकाही मानकऱ्याला खोटं म्हणायचं नाही. नाहीतर बाप हत्तीच्या पायी!"

महाराज हट्टी होते. एकदा ते चुकून अमावास्येला पौर्णिमा म्हणाले, तेव्हा साऱ्या गावानं चांदण्यात जेवणं उरकली होती.

चिमा धावत दिवाणांच्या बागेत जाऊन आली आणि हात जोडून उभी राहिली.

"समदे खरं बोलत्यात, सरकार. पर मग आमची बिदागी ऱ्हायली."

"कसली बिदागी?"

"सरकारांच्या आज्यानं रीत घालून दिलीया. ज्यानं बहुरूप्याचं सोंग वळखलं, त्यानं डोईचं पागोटं त्याला द्यायचं. हितं तिघांनी वळखलं!"

भरदरबारात उघडं डोकं! मानकरी चुळबुळले. पण रीत ती रीत. खजिनदारांनी पागोटं काढलं, त्यांना टक्कल आहे हे राज्याला त्या दिवशी कळलं. दारोगांनीही काढलं. कोतवाल मात्र मागे सरकले.

"मी कुठे ओळखलं? मला तर कोणी दिसलंच नाही!"

"न दिसलेला मानूस वळखला तुमी! तुमचं पागोटं तर पयलं!"

"खरं आहे," महाराज म्हणाले. "काढा."

"महाराज, मला सर्दी..."

"काढा!"

पागोटं निघालं. टाळूवर लिंबाएवढं टेंगूळ, त्यावर हळद-चुन्याचा ओला लेप.

"दारावर आपटलं," कोतवाल म्हणाले.

"दिवाणजींची काठी बागेत मोडून पडलीया," चिमा म्हणाली. "त्यांनी मारेकऱ्याला सुका सोडला न्हाई. समद्यांनी त्यो पळाला कुठं तेवढंच इचारलं. त्याला लागलं कुठं, ते कुनी इचारलं न्हाई. आन् दरबारात पागोट्याखाली बघायचं तरी कसं?"

 दिवाण आपल्याला नोकरीवरून काढणार होते म्हणून आपणच त्यांना मारलं, हे कोतवालांनी स्वतःच ओकून टाकलं. शिपायांनी गोंदाजीच्या बेड्या काढून त्यांना घातल्या.

महाराजांचा चेहरा मात्र उतरला. "म्हणजे माझा मानकरी खोटं बोलला?"

"छ्या! गोसावी गोसावीच हुता, बाई बाईच हुती. आन् येशीतनं कुनीच भाईर गेलं न्हाई, ही कोतवालसायबांची साक्ष तर समद्यांत खरी. मारेकरी गावातच हुता!"

महाराज इतके हसले, की त्यांना तक्क्याला धरून बसावं लागलं. डोळे पुसत ते म्हणाले, "कोतवालाची जागा रिकामी झाली. तुझ्या बापाला जमेल?"

"जमंल की! मागल्या शिमग्यात त्यानं कोतवालाचं सोंग घेतलं, तवाच तर गावातले चोर पळाले हुते. आन् कोतवालाचं पागोटं त्याच्या हातात आलंच हाय!"

महाराज पुन्हा हसत सुटले आणि खाली उतरून त्यांनी स्वतःच्या हातानं ते पागोटं गोंदाजीच्या डोक्यावर ठेवलं.