काढ्यावरचा संत्र्याचा रस

एका राज्यात दोन वैद्य होते, आणि त्यांतल्या एकाला दुसऱ्याचे कौतुक ऐकवत नसे.

दोघे एकाच गुरूंच्या हाताखाली शिकलेले. थोरला नीळकंठ, धाकटी भानुमती. नीळकंठ पाठांतराला पक्का. कोणत्या रोगावर कोणता काढा, हे तो झोपेतून उठवले तरी सांगे. भानुमतीचे पाठांतर बेताचे, पण प्रश्न फार. ‘काढा दिला आणि माणूस बरा झाला. पण न देताही तो बरा झाला असता, तर आपल्याला कसं कळलं असतं?’ असे काहीतरी ती विचारून बसायची. गुरुजी हसून म्हणायचे, ‘मला नाही ठाऊक, भानू. तूच शोध.’ नीळकंठाच्या अचूक उत्तरांवर ते नुसती मान डोलवायचे. ती मान त्याला जन्मभर टोचत राहिली.

गुरुजी गेले. दोघांनी नगरात आपापला दवाखाना मांडला. नीळकंठाकडे रोगी जास्त, मानही जास्त. तरी कुणी सहज बोलून गेले की भानूताईंच्या हाताला गुण आहे, तर त्या दिवशीचे जेवण त्याला गोड लागत नसे.

अशात राजाच्या गडावर एक विचित्र दुखणे पसरले. गड उंच, नुसता काळा खडक. वर झाड नाही, पालेभाजी नाही. शिपाई महिनोन्‌महिने वाळल्या भाकऱ्या आणि डाळ खाऊन पहारा करत. आता त्यांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले. गुडघे सुजले. बऱ्या झालेल्या जुन्या जखमा पुन्हा उघडल्या. धडधाकट गडी भिंतीला टेकून बसू लागले.

राजाने दोन्ही वैद्यांना बोलावले. “जो माझे शिपाई उभे करील, तो माझा राजवैद्य,” तो म्हणाला.

नीळकंठ लगेच म्हणाला, “महाराज, माझ्याकडे सोळा वनस्पतींचा काढा आहे. रक्तविकारावर रामबाण.”

भानुमती म्हणाली, “महाराज, ज्या गडांच्या पायथ्याशी संत्र्यांच्या बागा आहेत, तिथे हे दुखणं आलेलं नाही. तिथले शिपाई येता-जाता संत्री खातात. मला वाटतं, उपाय संत्र्यात असावा.”

“वाटतं?” राजाने भुवई उंचावली. “खात्री नाही?”

“नाही, महाराज. म्हणून तर करून बघायचं. निम्म्या शिपायांना रोज संत्री देऊ. बाकीच्यांना निळूदादाचा काढा. जेवण सगळ्यांना तेच, पाणी तेच. जो फरक पडेल, तो समोर दिसेल.”

राजांना असली बोलणी आवडत नाहीत. त्यांना उत्तर हवे असते, तेही जेवणाआधी. पण या राजाला नकार द्यायला काही कारण सुचले नाही आणि तो हो म्हणाला.

गडावर घोड्यांच्या दोन रिकाम्या पागा होत्या, पूर्वेची आणि पश्चिमेची. पूर्वेच्या पागेत भानुमतीचे शिपाई, पश्चिमेच्या पागेत नीळकंठाचे. भानुमतीनेच नियम घातला की एकाने दुसऱ्याच्या पागेत पाऊल टाकायचे नाही. “नाहीतर मी तुझ्या रोग्यांकडे वाकड्या नजरेने बघेन आणि तू माझ्या,” ती हसत म्हणाली. नीळकंठही हसला. त्याला वाटले, ही हसतानासुद्धा मलाच शिकवते.

नीळकंठाच्या पागेत सटवाजी नावाचा एक शिपाई होता. हिरड्या सुजून त्याचे तोंड वाकडे झाले होते, पण त्यातली जीभ मात्र ठणठणीत होती. काढ्याचा पहिला घोट घेऊन तो म्हणाला, “वैद्यबुवा, हे शत्रूला पाजायचं ते आम्हाला तर नाही ना दिलंत?”

“पी मुकाट्यानं.”

“पितो. पण मेलो तर गनिमाचं नाव सांगू नका, तुमचंच सांगा.”

सगळी पागा हसली. पण दिवस गेले तसे हसणे कमी झाले. काढा पिऊनही हिरड्यांचे रक्त थांबेना. आणि एका सकाळी पूर्वेच्या बाजूने आरडाओरडा ऐकू आला. नीळकंठाने तटावरून पाहिले. कालपर्यंत गुडघे धरून बसलेले भानुमतीचे शिपाई अंगणात हुतूतू खेळत होते. एकाने दुसऱ्याला पाय धरून आडवा केला होता आणि भानुमती पदर तोंडाला लावून हसत होती.

शिपाई बरे झाले याचा आनंद त्याला झालाच नाही, असे नाही. पण तो आनंद दारातच अडला, कारण आत जागाच नव्हती. त्याला दिसत होते ते एकच: राजवैद्याची गादी, तिच्यावर भानुमती, आणि खाली मान डोलवणारा तो स्वतः.

आता वैद्यांची एक रीत सांगितली पाहिजे. औषध कडू असले की त्यावर काहीतरी घ्यायला देतात. मध, तूप, कोमट दूध. त्याला अनुपान म्हणतात. औषधाची चौकशी सगळे करतात. अनुपानाची कुणी करत नाही. ती केवळ जिभेची समजूत, असे सगळेच धरून चालतात.

नीळकंठ खाली बाजारात गेला. त्याने संत्री घेतली, रस काढला आणि त्या दिवसापासून काढ्यावर मधाऐवजी तो रस देऊ लागला. ‘यात लबाडी कसली?’ तो मनाला म्हणाला. ‘काढा कडू आहे. अनुपान गोड हवं. कोणतं द्यायचं, हा वैद्याचा अधिकार.’

सटवाजीने रस पिऊन ओठ चाटले. “हां, आता कसं! वैद्यबुवा, असं करा, काढा तुम्ही प्या, हे आम्हाला द्या.”

थोड्याच दिवसांत पश्चिमेच्या पागेतही हुतूतू सुरू झाला.

राजाने दरबार भरवला. दोन्ही पागांतले शिपाई ताठ उभे होते. राजा म्हणाला, “म्हणजे संत्र्यात विशेष काही नाही. काढ्यानेही तेच होते.”

“असं दिसतंय खरं,” भानुमती म्हणाली. तिचा चेहरा गोंधळलेला होता. “पण मला हे समजत नाही, महाराज.”

दरबारी हसले. एक जण म्हणाला, “समजत नाही हे कळलं, हेही थोडं नव्हे!”

राजाने विचार केला. संत्री सडतात. काढ्याचे चूर्ण पोत्यात भरून कुठेही नेता येते. त्याने नीळकंठाच्या खांद्यावर राजवैद्याची शाल घातली आणि सगळ्या गडांवर काढ्याचे चूर्ण पाठवायचा हुकूम दिला. सटवाजीची तुकडी दक्षिणेच्या दूरच्या गडावर गेली. भानुमतीने नगरातला दवाखाना बंद केला आणि ती बागांच्या पलीकडच्या आपल्या गावी निघून गेली. जाताना नीळकंठाच्या पाया पडली. म्हणाली, “दादा, मीच चुकले असेन.”

नीळकंठाला हवे होते ते सगळे मिळाले. गंमत अशी की तिचा हेवा काही गेला नाही. ‘मीच चुकले असेन’ हे इतक्या सहज म्हणता येणाऱ्या माणसाचा त्याला नव्याने हेवा वाटू लागला.

उन्हाळा लागता लागता दक्षिणेच्या गडावरून डोल्या उतरू लागल्या. शिपायांच्या हिरड्यांतून रक्त वाहत होते. काही जण वाटेतच गेले. एका डोलीत सटवाजी होता. त्याचे निम्मे दात पडले होते.

“काढा घेत होतास ना?” नीळकंठाने विचारले.

“एक दिवस चुकवला नाही, वैद्यबुवा. वर मध चाटायचो. तुमच्यावर भरवसा ठेवून प्यालो.” सटवाजीने हसायचा प्रयत्न केला. त्याच्या ओठावर रक्त आले. “माझा शेजारी मात्र गेला. तोही तुमच्याच भरवशावर होता.”

दक्षिणेच्या त्या उघड्या खडकावर मध होता, संत्री नव्हती. सगळ्या राज्यात हे दुखणे कशाने बरे होते हे पक्के माहीत असलेला माणूस एकच होता, आणि तो म्हणजे तो स्वतः. भानुमतीला नुसते वाटले होते. त्याला मात्र लबाडी केल्यामुळेच कळले होते.

त्याने सटवाजीला आणि बाकीच्यांना रस पाजला. ते सावरू लागले. राजा स्वतः पाहायला आला. “वैद्यराज, या वेळी काय दिलंत?”

खरे सांगायची वेळ हीच होती. नीळकंठ म्हणाला, “काढा तोच, महाराज. फक्त माझ्या असं ध्यानात आलंय की त्यावर अनुपान संत्र्याच्या रसाचं हवं. म्हणजे काढा अंगी लागतो.”

“वा! तुमचं डोकं म्हणजे डोकं आहे,” राजा म्हणाला. “काढा तयार झाला की रसासोबत सगळीकडे पाठवा.”

नीळकंठाने स्वतःची समजूत घातली. माणसे वाचतील ना? मग शोध कुणाच्या नावावर, याने काय बिघडते? पण काही बिघडत नसते, तर ते नाव तिला देणे त्याच्या एवढे जिवावर का येत होते? शिवाय आधी पाठवलेले चूर्ण संपले होते, आणि काढ्याच्या सोळा वनस्पती एका जागी मिळत नाहीत. त्या गोळा होईपर्यंत संत्र्यांच्या गाड्या नगराच्या वेशीत उभ्या राहिल्या. माल उन्हात सडू लागला, आणि गडांवर माणसे काढ्याची वाट पाहत राहिली.

दक्षिणेला काढ्यावर मध चाटूनही माणसे गेली आणि आता रसाने सावरताहेत, ही बातमी भानुमतीच्या कानावर गेली. भर दुपारी ती नीळकंठाच्या ओसरीवर येऊन उभी राहिली. नीळकंठाला वाटले, भांडायला आली. तो तयारीतच होता. ‘अनुपान तुझ्या मालकीचं आहे का?’ असे वाक्यही त्याने जुळवून ठेवले होते.

पण भानुमतीचा चेहरा फुलला होता. “दादा, तुलाही संत्र्याचा गुण दिसला? म्हणजे मी अगदीच वेडी नव्हते! मला सगळं सांग. रस किती दिलास? सालीसकट की सोलून? उतार कधी पडला?”

ती ओसरीवर मांडी घालून बसलीसुद्धा. नीळकंठ तिच्याकडे बघत राहिला. आपले यश चोरणाऱ्याच्या दारात ही बाई आनंदाने आली होती! तिला यश कुणाचे, हे सुचलेच नव्हते.

“एकच कोडं उरतं,” ती म्हणाली. “मागच्या वेळी तुझे शिपाई संत्र्यावाचून कसे बरे झाले? तेव्हा तू अनुपान काय देत होतास?”

‘मध’ म्हटले की सुटला. दोनच अक्षरे. विचारणारी एकटी, आणि ती विश्वास ठेवणार हे ठरलेले. शब्द जिभेवर आलाही होता. पण तो शब्द ही बाई खरा धरील, त्यावर विचार करील, त्यावर माणसांना औषध देईल. सटवाजीनेही असाच भरवसा ठेवला होता.

“संत्र्याचा रस,” नीळकंठ म्हणाला. “मुद्दाम. तुझे शिपाई बरे झालेले पाहवले नाहीत म्हणून.”

भानुमतीच्या कपाळावर आठी पडली. पण ती रागाची नव्हती; ती विचार करत होती. बोटांवर मोजत ती पुटपुटली, “माझ्याकडे नुसतं संत्रं, माणसं बरी. तुझ्याकडे काढा आणि संत्रं, माणसं बरी. दक्षिणेला काढा आणि मध, माणसं गेली.” तिने एकदम वर पाहिले. “अरे दादा, म्हणजे तुझा काढा काहीच करत नाही!”

केवढ्या आनंदाने म्हणाली! नीळकंठाला वाटले, जमीन दुभंगावी.

मग तिचे हसू हळूहळू मावळले. “आणि मी इतके महिने स्वतःला मूर्ख समजत होते,” ती म्हणाली. “दवाखाना बंद केला मी. तिकडे माणसं मेली, दादा.”



ती उठली. “मी दरबारात जाणार नाही. माझं कुणी ऐकलं नव्हतं, आता तुझ्याविरुद्ध कशाला ऐकतील? हे तूच सांगायचं आहेस.” आणि ती पायऱ्या उतरून गेली.

नीळकंठ उठला, शालीची घडी घातली आणि भरल्या दरबारात जाऊन ती राजाच्या पायाशी ठेवली. “महाराज, माझा काढा कुचकामी आहे,” तो म्हणाला. आणि त्याने पहिल्यापासून सगळे सांगितले. शोध भानुमतीचा, लबाडी आपली, आणि दक्षिणेच्या गडावरचे मृत्यूही आपल्याच माथी.

दरबारात एकच गलका झाला. कुणी त्याला हद्दपार करा म्हणाले, कुणी त्याचे हात तोडा म्हणाले. राजा संतापाने उभा राहिला. “हे इथे येऊन सांगताना तुला लाज वाटली नाही?”

“वाटते आहे, महाराज,” नीळकंठ म्हणाला. “शिक्षा काय द्यायची ती निवांत ठरवा. पण वेशीत संत्र्यांच्या गाड्या माझ्या काढ्यासाठी अडल्या आहेत. तेवढ्या आधी सुटू द्या.”

राजाने त्याच्याकडे पाहिले. मग वळून हुकूम दिला, आणि गाड्या सुटल्या.

तात्पर्य: मत्सरी माणूस दुसऱ्याचे यश झाकायला जातो आणि सत्यच झाकून टाकतो. त्याची किंमत ज्यांचा त्या भांडणाशी संबंध नाही, अशा माणसांना मोजावी लागते. म्हणून आपली चूक कळताच ती आपल्याच तोंडाने, आणि वेळेवर सांगावी.