आपल्या मुलखातलं जेवण

“तर मग बाबा, न्हाई म्हणून सांगू ना त्यास्नी?”

लतीफबाबा चूल फुंकत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“कुणाला?”

“आता घ्या! मघाधरनं काय सांगतोय मी?”

सुभानराव पाटलांनी पटक्याच्या शेवानं कपाळ पुसलं. ऊन डोक्यावर आलं होतं. देश जिथं संपतो आणि पायवाट खाली कोकणात उतरायला लागते, त्या घाटमाथ्यावर फकीर लतीफबाबांचा तकिया होता. तकिया म्हणजे काय, तर एक खोपट, एक जांभळीचं झाड आणि पाण्याचा रांजण. चढून आलेला तिथं दम खाई. उतरणारा तिथं वहाणांचे अंगठे बघून घेई. सुभानरावांचं गाव तिथून जवळच, आतल्या बाजूला. त्यांच्या वडलांपासून घरातली कुठलीही मोठी गोष्ट बाबांना विचारल्याशिवाय होत नव्हती. आता विचारायचं म्हणजे कसं, तर सुभानराव मनाशी पक्कं करून यायचे, आणि बाबा “बरं” म्हणायचे.

आज मात्र ते “बरं” काही निघेना.

गोष्ट अशी होती. घाटाखालचे धाकोजी दर उन्हाळ्यात बैलांवर मीठ लादून वरच्या बाजाराला येत. खाली खाडीच्या काठाला त्यांची स्वतःची मिठागरं होती. त्यांनी आपल्या दत्तारामासाठी सुभानरावांच्या हौसाला मागणी घातली. पाटलीणबाई राजी. हौसानंही आईच्या कानात सांगितलं होतं, मला चालतंय. आज धाकोजी जबाब घ्यायला वर यायचे होते. घरातल्या दोघींपुढं एकट्या सुभानरावांचं काही चालेना. बाबाच नको म्हणाले, की मग दोघींची तोंडं बंद.

“नारळच द्यायचा त्यास्नी, असं ठरवलंय मी,” सुभानराव म्हणाले.

बाबांनी बाजूला ठेवलेला नारळ उचलला. पाटलांनीच तो येताना आणला होता. कानाशी नेऊन हलवून बघितला.

“हा त्यांना द्यायचाय होय? मला वाटलं, मला आणला.”

“न्हाई न्हाई! ह्यो तुमास्नी.”

“बरं,” बाबा म्हणाले आणि नारळ उंबऱ्याशी ठेवला.

हे “बरं” सुभानरावांच्या काही कामाचं नव्हतं.

“पोरगा कसा आहे?” बाबांनी विचारलं.

“पोरगा... पोरग्याला काय झालंय? बरा हाय. कामाला वाघ हाय. बैलाच्या पाठीवरची गोणी एकट्यानं उतरवतो.”

“मग?”

“मग? आवो बाबा, कोकणी हाय त्यो!”

बाबा हुलग्याची आमटी ढवळत राहिले.

“चिकट माणसं,” सुभानराव पुढं सरकले. “मुठीतलं सुटायचं न्हाई त्यांच्या. पाव्हणा दारात दिसला, की चुलीवर पाणी मारत्यात आन् म्हणत्यात, अरेरे, आत्ताच जेवणं झाली! आन् भांडखोर किती? बांधावरचा एक माड पडला, तर दोन भावांच्यात नातवंडापत्तोर बोलणं न्हाई. भात खाणार, अंगात जोर न्हाई, समदा जोर तोंडात.”

“तुम्ही जेवायला गेला होता कधी त्यांच्याकडं?”

“मी कशाला जातोय उपाशी मरायला?”

“मग चुलीवर पाणी मारताना कुणी बघितलं?”

“समदं गाव म्हणतंय.”

बाबा हसले नाहीत, की रागावलेही नाहीत. त्यांनी परातीत पीठ घेतलं आणि भाकरी थापायला लागले. हळूहळू, सारखी गोल. परातीवर हाताचा आवाज तेवढा येत होता.

...

“गेलो हुतो खाली येकदा,” सुभानराव थोड्या वेळानं आपल्याच नादात म्हणाले. “तरणा हुतो. गूळ घेऊन बंदरावर गेलो. बारकी बारकी पोरं, उघडीनागडी, माझ्या मागं लागली. घाटी आला, घाटी आला, करत पार येशीच्या भाईर घालवलं मला. माझं मुंडासं बघून हसत हुती.”

“हसली?”

“अजून कानात हाय.”

“घाटात तर मी राहतो, पाटील,” बाबा भाकरी उलटत म्हणाले. “खरा घाटी म्हणाल तर मीच.”

“तुमचं येगळं, बाबा. तुमी फकीर.” सुभानराव जरा घुटमळले. “पर बाबा... तुमी मूळचे कुठले? वरले का खालचे?”

“खालचे म्हणतात, वरचा आहे. वरचे म्हणतात, खालनं आला असावा.”

“आन् तुमी काय म्हणता?”

“मला कुणी विचारलं, तर मी त्याला पाणी देतो.”

सुभानरावांनी कमरेची चंची सोडली. पान पुसलं, चुना लावला, अडकित्त्यात सुपारी धरली. हातात चंची आली, की त्यांना नेहमीच बोलणं सुचायचं.

“आपल्या मुलखात काय कमी हाय, सांगा. जोंधळा आपला. हुलगा आपला. मिरची अशी, की जिभेवर ठेवली तर पूर्वज आठवावेत. दूध आपलं, गूळ आपला. त्यांच्या वाचून आमचं काय अडलंय?”

कट्, करून अडकित्ता वाजला.

“काही नाही?” बाबांची नजर सुपारीवर होती.

“काय न्हाई. आज्यापास्नं सांगतो, त्या मुलखातली येक चीज माझ्या घरात शिरली न्हाई. आन् लेक तिकडं द्यायची?”

कट्.

“एकही नाही?”

“तुमच्या पायाची आण.”

सुभानरावांनी सुपारी तोंडात टाकली.

बाबांनी भाकरी निखाऱ्यावर उभी केली. ती टम्म फुगली. मग एका हातानं आमटीत पळी फिरवत त्यांनी दुसरा हात भिंतीतल्या कोनाड्यातल्या मडक्याकडं नेला. तो हात तिथंच थांबला, आणि रिकामाच परत आला.

सुभानरावांचं तिकडं लक्ष नव्हतं. ते दरीकडं बघत होते. खाली कोकण उन्हात धुरकट दिसत होतं, आणि त्याच्याही पलीकडं पांढरी रेघ होती, ती खाडी असावी.

“खाली दिली, की गेलीच,” ते म्हणाले. आता आवाजात मघाचा ठसका नव्हता. “पाऊस लागला, की ही वाट बंद. चार चार म्हयने माणूस वर येत न्हाई. पोरीला बरं न्हाई, वाईट न्हाई, काय सुदीक कळायचं न्हाई... तिला साधा ताप आला, तर माझ्याशिवाय कुणाच्या हातनं काढा घेत न्हाई, बाबा.”

बाबांनी पळी खाली ठेवली.

“हे धाकोजींना सांगितलं?”

“त्यास्नी? कोकण्याला? हसतील, की.”

...

“जेवून घ्या,” बाबा म्हणाले. “मग सांगतो.”

सुभानराव चूळ भरून आले आणि मांडी घालून बसले. बाबांच्या हातची हुलग्याची आमटी त्यांना लहानपणापासून आवडे. वडलांबरोबर यायचे तेव्हा वाटी चाटूनपुसून लख्ख करायचे. पुढ्यात गरम भाकरी आली, वर लाल तवंग असलेली आमटी आली. वासानंच भूक चाळवली. त्यांनी भाकरीचा मोठा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि तोंडात घातला.

चावता चावता ते थांबले.

मग पुन्हा चावू लागले. गुरूच्या घरच्या अन्नाला नाव ठेवायचं नसतं, हे त्यांना वडलांनी शिकवलं होतं.

दुसरा घास घेतला. तिखट होतं, लसूण होता, चिंचही होती. तरी जिभेला काही लागेना. जणू तोंड भरलं होतं आणि घास कुठं पोचतच नव्हता. त्यांनी हळूच बाबांकडं बघितलं. बाबा त्याच भांड्यातलं घेऊन निवांत जेवत होते. वर मिटक्या मारत होते.

तिसरा घास हातातच राहिला.

“का हो, पाटील?”

“काय न्हाई, बाबा.”

“आवडलं नाही?”

“न्हाई न्हाई, झ्याक झालंय.”

“मग घ्या की.”

सुभानरावांनी घास तोंडात ढकलला. वर तांब्याभर पाणी प्यायले. घसा साफ केला. म्हाताऱ्याचं आता वय झालं, विसरला असेल, सांगायला काय हरकत आहे, असं स्वतःशी म्हणाले.

“बाबा... आमटी जराशी... म्हंजी, अळणी ऱ्हायली वाटतं.”

“राहिली नाही,” बाबा म्हणाले. “तुमच्या मुलखात जेवढं पिकतं, तेवढं सगळं घातलंय, पाटील.”

सुभानरावांचा हात ताटातच थांबला.

त्यांनी आमटीकडं बघितलं. मग कोनाड्यातल्या मिठाच्या मडक्याकडं बघितलं. मग कुठं बघावं ते कळेना, म्हणून दाराबाहेर बघितलं, तर तिथं उंबऱ्याशी त्यांनीच आणलेला नारळ. गालात अजून सुपारीचं एक खांड अडकलं होतं. ते त्यांनी जिभेनं चाचपलं. थुंकावं की गिळावं, तेही ठरेना.

...

खालच्या वळणावर बैलांच्या घंटा वाजल्या. एक थांबली, की दुसरी. ओझ्याखालचे बैल चढणीला जसे थांबत थांबत येतात, तशा. मग दम लागलेल्या माणसाचा आवाज आला.

“बाबानूंऽ, आसात काय वर? वाईच पाणी काढून ठेवा! तुमच्या या घाटानं जीव घेतला माझा!”

धाकोजी होते. सुभानरावांनी आवाज ओळखला. ते चटकन उठू लागले, पण हात उष्टा, पुढ्यात ताट, पानावरनं कसं उठणार? पुन्हा बसले.

“बाबा,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “आलेच ते. काय सांगू मी त्यास्नी?”

बाबा उठले. रांजणातलं पाणी तांब्यात काढलं, तांब्या दारात नेऊन ठेवला. परत येऊन पाटलांचं दूर सरलेलं ताट त्यांच्यापुढं नीट सरकवलं.

“ते नंतर बघू. आधी चिमूटभर मीठ मागून बघा त्यांच्याकडं... चिकट माणसं म्हणता, देतायत की नाही कोण जाणे.”