उंबरठे नसलेली आळी

पाहुणे, विश्वास कुणावर ठेवावा, सांगा बघू: सात पायऱ्यांचं घर दान देणाऱ्या शेटजींवर, की स्वतःच्या दाराचा उंबरठा फोडणाऱ्या बाईवर? घाई नाही. कुंभारआळीत खोली घ्यायला आलात, तर आधी दारं बघा. चौतीस घरं, एकालाही उंबरठा नाही.

असं सांगतात, की पूर्वी गावात कुणाचे पाय गेले, डोळे गेले, की त्याला वेशीबाहेरच्या धर्मघरात ठेवत. ते बांधलं माझ्यासारख्याच एका व्यापाऱ्यानं. दान उठून दिसावं म्हणून जोतं उंच, पायऱ्या सात. रांगणारा माणूस त्या उतरणार कसा, हे विचारायचं राहूनच गेलं. अमावास्येला लाडू मात्र न चुकता पोचत.

तिथं राघू कुंभाराला नेऊन ठेवलं. कमरेखालून लुळा, पण त्याचं मडकं म्हणे घंटेसारखं वाजे. आळीतच दिलेली बहीण ठकूबाई भेटायला गेली.

"काय आणू दादा?"

"चिखल आण," राघू म्हणाला. "लाडू खाऊन हात पांढरे पडले गं."

ठकूनं त्याला पाठीवर घेऊन आपल्या घरी आणलं. बसायला चाकं लावलेला पाट केला, तो उंबरठ्याला अडला. तिनं कुदळ उचलली.

सासू म्हणाली, "उंबरठा गेला की लक्ष्मी जाते."

"जाऊ दे. परत येताना ठेच तरी लागणार नाही तिला."

वर आण घेतली: ज्या दारातून राघूचा पाट जात नाही, त्या घरी हळदीकुंकवालाही जाणार नाही. सगळे उंबरठे निघायला बारा वर्षं लागली. लाडू एका दिवसात जमत. मग धर्मघरातली माणसं आळीत राहायला आली. त्यांच्या अंघोळीची, जेवणाची, बाजाराची पाळी घराघरावर लागली. पाळी केली, की चावडीच्या भिंतीवर गेरूची रेघ.

आजही पाळी आहे. आहे म्हणायची. शेवंताआक्काला दिसत नाही. परवा दुपारी दूध द्यायला गेलो, तर ती पारोशी, उपाशी बसलेली. चावडीच्या भिंतीवर रेघ मात्र सकाळीच ओढलेली. ज्यांची पाळी त्यांना विचारलं, तर म्हणतात, "शेटजी, रेघ ओढलीय की." दगडी उंबरठे कुदळीनं तरी निघाले. याला काय लावायचं, मला कळत नाही.

खोली खुशाल घ्या. तुमची पाळी गुरुवारी येईल. हिशेब तेवढा सरळ ठेवा: आधी आक्काचं पाणी तापवा, मग गेरूला हात लावा.