सासू-सुनेचं पेव

जरा जपून, काठाशी दगड निसरडा आहे. पाठीवरची बॅग खाली ठेवा आणि मग वाका. हे पेव. पूर्वी धान्य साठवायला जमिनीत खणत, तसलंच. फक्त हे कातळात कोरलेलं आहे. तोंड अरुंद आणि आत रांजणासारखं फुगलेलं, त्यामुळे भिंतीला धरून चढायची सोय नाही.

मी हौसाबाई. साळकोट बघायला आलेल्या पाहुण्यांना गेली कित्येक वर्षं मीच गड दाखवते. पायथ्याच्या आमच्या गावात नवी सून आली की तिला थेट घरात घेत नाहीत. आधी वर आणतात. सासू-सून शिडीने ह्या पेवात उतरतात, शिडी काढून घेतात आणि सून सासूच्या खांद्यांवर पाय देऊन उभी राहते. हसा, हसा. शहरातली मंडळी इथे हमखास हसतात. मुलाचं लग्न ठरलं की आमच्या बायका पत्रिका छापायच्या आधी जोर-बैठका काढायला लागतात, ते बघितलं तर आणखी हसाल. पण हे कशावरून आलं, ते ऐका.

फार जुनी गोष्ट. ह्या गडाचा किल्लेदार संतोजी कामगिरीवर गेला होता, तेवढ्यात ऐन आखाडात शत्रूच्या सरदाराने गड घेतला. संतोजी हाती लागला नाही, म्हणून त्याची आई उमाऊ आणि बायको सगुणा ह्या दोघींना सरदाराने ह्या रिकाम्या पेवात सोडलं. निरोप धाडला, दसऱ्यापर्यंत संतोजीने शरण यावं, नाहीतर दोघींना तिथेच गाडीन. शरण गेला असता तर त्याचं मुंडकं वेशीवर लागलं असतं. आणि आईसाठी तो जाणार, हे उमाऊला पक्कं ठाऊक होतं.

पेवावर झाकणसुद्धा घातलं नव्हतं म्हणे. त्यातून बाहेर कोण येणार? दिवसातून एकदा भाकरी आणि पाण्याचं मडकं दोरीने खाली यायचं. कातळातून पाणी झिरपायचं, पायाखाली सदा चिखल. वर बघितलं की परातीएवढं आभाळ. सगुणा देवीला हाका मारमारून दमली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. कोवळी पोर होती, दुसरं काय करणार?

उमाऊ पैलवानाची लेक. माहेरी वाड्याच्या मागेच तालीम होती. तिने नजरेने अंदाज घेतला. एकीच्या खांद्यावर दुसरी उभी राहिली, तर हात काठाला पुरत होते.

"ऊठ," ती म्हणाली. "माझ्या खांद्यावर हुबी ऱ्हा."

"आत्याबाई, तुमाला पाय लावू? पाप लागंल मला."

"हितं मेलीस तर पुण्य लागनार हाय व्हय? चढ!"

सगुणा कशीबशी चढली. पण सासूला पाय लागला म्हणून सवयीने तिने तिथल्या तिथे हात जोडले, नमस्कार करायला वाकली, आणि दोघी चिखलात आदळल्या. असं सांगतात, की त्या कैदेत उमाऊ पहिल्यांदा हसली ती तेव्हा. पुन्हा चढवलं. या वेळी सगुणेची बोटं काठाला लागली, पण अंग वर ओढायला दंडात बळच नव्हतं, आणि खाली म्हातारीचे गुडघे लटपटत होते.

मग उमाऊने ठरवलं. सुनेने जोर काढायचे, आपण बैठका. हात तिचे, पाय आपले. भाकरी एक, दोघींना सगळंच पुरणार नव्हतं.

रोज परातीएवढं आभाळ उजळलं की सुरुवात. तळवे चिखलात रुतायचे, कोपरं सोलायची. सगुणा रडायची, मरू द्या म्हणायची. उमाऊ म्हणायची, "मर, पर आदी जोर पुरं कर." दर जोराला देवीचं नाव घ्यायची अट होती. दिवस असे घासत गेले. सगुणेची आधी भूक परत आली, मग झोप. मग एका सकाळी तिला राग आला. स्वतः होऊन ओणवी झाली आणि थांबेचना. पेव तेवढंच होतं, चिखल तोच होता, पण ही पोर आता त्यात मावत नव्हती. उमाऊला त्या दिवशी फार बरं वाटलं असेल, असं मला आपलं वाटतं.

दसरा तोंडावर आला. एका दुपारी पहारेकरी जेवायला गेले तेव्हा उमाऊ भिंतीला हात टेकून बसली, सून खांद्यांवर उभी राहिली, आणि म्हातारी तिला घेऊन उठली. गुडघा हलला नाही. सगुणेने काठ धरला, दंडांवर अंग उचललं आणि बाहेर पडली.

पळाली नाही. अर्धं लुगडं फाडलं, पीळ दिला, खाली सोडलं. उमाऊने ते धरलं. पण तिने कमावले होते ते पाय. हातांना कधी कष्ट दिलेच नव्हते. जरा वर यायची आणि मूठ सुटायची. पुन्हा धरायची, पुन्हा सुटायची. एकटीने ओढायला सगुणाही कमी पडली.

"जा," खालून आवाज आला. "माजा ल्योक त्या सरदाराच्या म्होरं यायच्या आदी जा."

सगुणा टाक्यावर पाणी भरणाऱ्या बायकांत मिसळली आणि चोरवाटेने उतरली. संतोजीला तिने वाटेत गाठलं, तो शरण यायलाच निघाला होता. त्याने माणसं जमवली आणि गड परत घेतला. पण सरदाराने चिडून पेवावर शिळा ओढली होती, दाणापाणी तोडलं होतं. शिळा हटवली. उमाऊ भिंतीला हात टेकून उभी होती. खांद्यांवर सुनेच्या पावलांचा चिखल वाळलेला. हाका मारल्या, उत्तर आलं नाही.

तेव्हापासून आमच्या सासवाही जोर काढतात. कारण आजही सून वर पोचली की सोहळा संपत नाही. ती लग्नातला शेला पिळून खाली सोडते, आणि सासू वर आल्याशिवाय वऱ्हाडातलं कुणी पाणीसुद्धा पीत नाही.

माझी सून बँकेत नोकरी करते, हात नाजूक. तीन वर्षांमागे ती वर गेली आणि मी खाली राहिले. शेला दोनदा माझ्या हातून निसटला. वरून कुणीतरी ओरडलं, शिडी सोडा, म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास!

तेवढ्यात सुनेचा आवाज आला, "शिडीला कुणी हात लावायचा नाही. आई, मी इथनं हलत नाही. धरा परत."

मी धरलं. ती ओढत राहिली. वर आले तेव्हा तिच्या तळहातांची सालटं निघाली होती, आणि गळ्यात पडून रडत मात्र मीच होते.